सभाचित्रांकन

सभाचित्रांकन : सभा, परिषद, चर्चासत्र किंवा व्याख्यान चालू असतानाच त्यात मांडले जाणारे विचार शब्द, रेषा, आकृत्या व चिन्हे यांच्या साहाय्याने मोठ्या कागदावर वा फलकावर, उपस्थितांच्या नजरेसमोर नोंदविण्याची पद्धती. इंग्रजीत ती ग्राफिक रेकॉर्डिंग किंवा स्क्राइबिंग या नावांनी ओळखली जाते. हे काम करणाऱ्या व्यक्तीस चित्रटिपणकार म्हणता येईल. चित्रटिपणकार स्वतः वक्ता नसतो व चर्चेत भागही घेत नाही. तो ऐकतो, ऐकलेल्यातून निवड करतो आणि निवडलेल्यास आकार देतो. या तीनही क्रिया जवळजवळ एकाच वेळी कराव्या लागतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात, विशेषतः सॅन फ्रॅन्सिस्को शहर व त्याच्या परिसरात, ही पद्धती उदयास आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी नव्या कल्पनांच्या प्रसारासाठी भरविल्या जाणाऱ्या मोठ्या परिषदांमधून ती जगभर परिचित झाली.

सभेचा वृत्तांत ठेवण्याच्या अन्य पद्धतींहून सभाचित्रांकन वेगळे आहे. सभेचे इतिवृत्त सामान्यतः सभा संपल्यानंतर एक व्यक्ती तयार करते आणि ते पुढील सभेत संमत होते. दरम्यानच्या काळात त्यात काय लिहिले आहे, हे बहुतेक सभासदांना ठाऊक नसते. आयझॅक पिटमन (१८१३–९७) यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लघुलेखनपद्धतीमुळे वक्त्याचा शब्दन्‌शब्द टिपणे शक्य झाले; परंतु ती लिपी तज्ञालाच वाचता येते. न्यायालयात काढल्या जाणाऱ्या रेखाचित्रांचा हेतू व्यक्ती व प्रसंग यांचे दर्शन घडविणे हा असतो. इंग्लंडमध्ये तर १९२५ च्या फौजदारी न्यायविषयक अधिनियमाने प्रसिद्धीसाठी न्यायालयाच्या आत चित्र काढण्यास मनाई केलेली असल्याने तेथील चित्रकार बाहेर येऊन स्मरणाने चित्र काढतात. महाराष्ट्रातील पिंगुळी येथील चित्रकथी परंपरेत चित्र आधी तयार असते व त्याच्या आधारे कथा सांगितली जाते. सभाचित्रांकनात हा क्रम उलट असतो : बोलणे आधी आणि चित्र मागून. शिवाय ते चित्र बोलणाऱ्यांच्या समोरच घडत असल्यामुळे पुढच्या बोलण्यावरही त्याचा परिणाम होतो.

पूर्वपीठिका : बोलता बोलता चित्र काढण्याची प्रथा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत खडूने चित्रे काढीत दिलेली व्याख्याने लोकप्रिय होती. फ्रँक बिअर्ड (१८४२–१९०५) या व्यंगचित्रकाराने न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा येथे रविवारच्या धर्मशिक्षण वर्गांच्या शिक्षकांपुढे दिलेली अशी व्याख्याने प्रसिद्ध आहेत. मध्य यूरोपात रूडॉल्फ श्टाइनर (१८६१–१९२५) हे व्याख्यानाच्या ओघात फळ्यावर रंगीत खडूंनी आकृत्या काढीत. व्याख्यान संपताच त्या पुसल्या जात असल्याने १९१९ पासून फळ्यावर काळा कागद लावण्यात येऊ लागला; त्यामुळे एक हजाराहून अधिक आकृत्या स्वित्झर्लंडमधील डॉर्नाख येथे जतन झाल्या. ॲल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांनी १६ मे १९३१ रोजी ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानातील एक फळा तेथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात आजही ठेवलेला आहे. विश्वाच्या विस्तारासंबंधीच्या त्यावरील आकडेमोडीत एक चूक राहिल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. जर्मन कलावंत योझेफ बॉइस (१९२१–८६) यांनी १९७४ मध्ये लंडन येथील समकालीन कलासंस्थेत श्रोत्यांशी चर्चा करीत अनेक फळे लिहिले व ते जमिनीवर टाकीत गेले. पुढे हे फळेच कलाकृती म्हणून मांडले गेले.

या सर्व उदाहरणांत बोलणारा व रेखाटणारा एकच आहे. फळ्यावरील मजकूर ही वक्त्याची मालमत्ता असते. त्यात भर घालण्याचा वा दुरुस्ती करण्याचा अधिकार श्रोत्यांना नसतो. सभाचित्रांकनाने ही लेखणी वक्त्याच्या हातून काढून तिसऱ्या व्यक्तीच्या हाती दिली आणि तिच्यावरील अधिकार, निदान तत्त्वतः, साऱ्या सभेकडे सोपविला. या पद्धतीचे ऐतिहासिक महत्त्व प्रामुख्याने या बदलात आहे.

उदय : १९६५–८० या काळात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरात सामूहिक विचारप्रक्रियेविषयी अनेक प्रयोग चालू होते. डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) हे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत मानवी बुद्धीची क्षमता यंत्राच्या साहाय्याने वाढविण्याच्या प्रश्नावर काम करीत होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका परिषदेत त्यांनी सु. ९० मिनिटांचे जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात दूर अंतरावरील दोन व्यक्ती पडद्यावरील एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करीत असल्याचे दृश्य होते. अनेकांच्या नजरेसमोर एकच मजकूर असला, तर त्यांचे एकत्रित विचार करणे सुधारते, हे सूत्र या संशोधनामागे होते. याच संस्थेतील जेफ्री बॉल यांनी समूहाच्या कामात चित्रांचा उपयोग कसा होतो, याचा अभ्यास केला. सर्वांना दिसणारा व चर्चेबरोबर बदलत जाणारा आलेख समूहाच्या शिकण्यास विशेष उपकारक ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. संगणक त्या काळी दुर्मिळ व महाग होते. परंतु भिंतीवर चिकटविलेल्या लांब कागदाने व जाड टोकाच्या पेनांनीही हेच साधता येईल, हे लवकरच लक्षात आले.

या विचारास सभाशास्त्राचे रूप मायकेल डॉइल व डेव्हिड स्ट्राउस यांनी दिले. स्ट्राउस यांचे शिक्षण वास्तुकलेचे होते. या दोघांनी १९६९ मध्ये इंटरॲक्शन असोशिएट्स ही संस्था स्थापन केली आणि सभा परिणामकारक कशा कराव्यात, या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सभेतील चार भूमिका वेगळ्या केल्या आहेत : निर्णयाची जबाबदारी असलेला प्रमुख, चर्चा सुरळीत चालविणारा सुलभक, नोंद करणारा टिपणकार आणि सभासद. प्रमुखाने सभा स्वतः चालवू नये. सुलभक व टिपणकार यांनी चर्चेत स्वतःचे मत मांडू नये. टिपणकाराने बोलणाऱ्याचेच शब्द वापरावेत आणि सर्व नोंद समोरच्या भिंतीवरील मोठ्या कागदांवर करावी, असे हे नियम होते. या नोंदीस त्यांनी समूहस्मृती असे नाव दिले. सभासदांनी एकमेकांकडे तोंड करून बसण्याऐवजी अर्धवर्तुळात भिंतीकडे तोंड करून बसावे, अशी त्यांची सूचना होती. त्यामुळे वाद व्यक्तीशी न राहता समोर लिहिलेल्या मुद्याशी होतो, तोच मुद्दा पुनःपुन्हा मांडण्याची गरज उरत नाही आणि उशिरा आलेल्यालाही चर्चा कोठवर आली ते कळते, असे फायदे त्यांनी सांगितले आहेत.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे दुरुस्तीचा हक्क. आपले म्हणणे चुकीचे वा अपुरे नोंदले गेले, असे वाटल्यास कोणत्याही सभासदाने टिपणकारास तेथल्या तेथे थांबवावे व त्याने नोंद सुधारावी, असा नियम होता. इतिवृत्त कोण लिहितो, यावर सभेत काय ठरले हे पुष्कळदा अवलंबून असते. कनिष्ठ कर्मचारी, नवखे सभासद किंवा अल्पमतातील गट यांचे म्हणणे त्यातून सहज गळून पडते. भिंतीवर सर्वांसमक्ष होणाऱ्या नोंदीत मुद्दा कोणी मांडला यापेक्षा तो मांडला गेला, याला महत्त्व येते. यामुळेच नागरी प्रश्न, पर्यावरणविषयक वाद व कार्यालयीन नियोजन अशा भिन्न हितसंबंधांच्या सभांना ही पद्धती उपयुक्त वाटली.

या शब्दप्रधान नोंदीस चित्ररूप देण्याचे श्रेय मुख्यत्वे डेव्हिड सिबेट यांच्याकडे जाते. सार्वजनिक कार्याचे प्रशिक्षण देणाऱ्या कोरो फाउंडेशन या संस्थेच्या सॅन फ्रॅन्सिस्को केंद्रात ते काम करीत होते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी चर्चेची नोंद यादीऐवजी नकाशे, गुच्छ व रूपकचित्रे यांच्या रूपात करण्यास प्रारंभ केला आणि १९७७ मध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. त्यातून पुढे द ग्रोव्ह कन्सल्टंट्स इंटरनॅशनल ही संस्था वाढली. आर्थर यंग (१९०५–९५) या संशोधक व तत्त्वचिंतकाच्या प्रक्रियाविषयक सिद्धांताचा सिबेट यांच्यावर प्रभाव होता. त्याच्या आधारे त्यांनी समूहचित्रणाचे सात मूलभूत आकृतिबंध सांगितले : भित्तिपत्र, यादी, गुच्छ, जाळी, आकृती, चित्र व मंडल. भित्तिपत्र एका मुद्याकडे लक्ष वेधते, यादी क्रम दाखविते, गुच्छामुळे तुलना सुचते, जाळीमुळे दोन निकषांचा मेळ घालता येतो, आकृतीमुळे कार्यकारण व शाखा कळतात, चित्र रूपकाद्वारे अर्थ सुचविते आणि मंडल सर्व भागांची एकात्मता दाखविते. चर्चेचे स्वरूप ओळखून योग्य आकृतिबंध निवडणे, हे चित्रटिपणकाराचे पहिले कौशल्य मानले जाते.

तंत्र व साहित्य : पारंपरिक पद्धतीत सु. १·२ मी. उंचीचा गुंडाळीचा कागद भिंतीवर लावतात अथवा हलक्या फेसफलकावर काम करतात. तिरप्या टोकाची, पाण्यात विरघळणाऱ्या शाईची जाड पेने मुख्य लेखनासाठी आणि रंगीत खडू छटांसाठी वापरतात. अक्षर दुरून वाचता यावे लागते, म्हणून ते सुंदर असण्यापेक्षा सुटे व ठळक असणे महत्त्वाचे असते. गडद रंग मजकुरासाठी व फिकट रंग जोडरेषा आणि पार्श्वभूमीसाठी राखतात. माणसांच्या आकृती अगदी थोड्या रेषांत काढतात. वक्त्याच्या बोलण्यामागे चित्रटिपणकार नेहमी काही वाक्ये असतो. हा काळ फार कमी केला, तर अमहत्त्वाचे शब्द कागदावर येतात आणि फार वाढला, तर मुद्दा निसटतो. व्याख्यानाची रचना आधी ठाऊक नसल्याने कागदावर कोणती जागा मोकळी ठेवावी, याचा अंदाज सतत घ्यावा लागतो. शाईने काढलेली रेष पुसता येत नसल्याने अनुभवी टिपणकार पहिली काही मिनिटे केवळ ऐकतात आणि शीर्षक व वक्त्याचे नाव एवढेच लिहून ठेवतात.

संगणकावर अशी नोंद करण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकातच झाले होते. फ्रेड लेकिन यांनी शब्द व आकृत्या पडद्यावर जलद हाताळता येतील, अशी प्रणाली समूहकार्यासाठी विकसित केली. २०१० नंतर स्पर्शपटल संगणकांचा प्रसार झाल्यावर ही रीत सामान्य झाली. तिच्यात रेष मागे घेता येते, चित्राचा आकार बदलता येतो व ते तत्काळ दूरवर पाठविता येते. २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या साथीमुळे परिषदा दूरदृश्य माध्यमातून होऊ लागल्या, तेव्हा हे तंत्रच प्रमुख साधन ठरले.

प्रसार : १९८० च्या सुमारास मॅट टेलर व गेल टेलर या दांपत्याने कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे मोठ्या गटांच्या नियोजनासाठी खास कार्यस्थळे उभारली. तेथे फिरत्या उंच फलकांवर होणारे चित्रांकन हे कार्यपद्धतीचे अंगच होते. उद्योगसंस्था व शासकीय विभाग यांच्याकडून मागणी वाढत गेल्यावर १९९५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरात या व्यावसायिकांचा मेळावा भरला व त्यातून त्यांचा आंतरराष्ट्रीय मंच आकारास आला. जर्मनीत चित्रशब्दांचे पद्धतशीर कोश प्रसिद्ध झाले व प्रशिक्षणवर्ग निघाले. अमेरिकेतील केल्व्ही बर्ड यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्रांकनास सामाजिक कला म्हटले असून, टिपणकाराच्या ऐकण्याची खोली हा तिचा पाया मानला आहे.

कल्पनांच्या परिषदांशी या पद्धतीचा आलेला संबंध निर्णायक ठरला. तंत्रज्ञान, मनोरंजन व अभिकल्प या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून टेड हे नाव मिळालेली परिषद रिचर्ड सॉल वुर्मन व हॅरी मार्क्स यांनी १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉण्टरे येथे भरविली. १९९० पासून ती दरवर्षी भरू लागली. वुर्मन हे वास्तुविशारद व माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक होते. या परिषदेतील व्याख्यानास १८ मिनिटांची मर्यादा असते. एका दिवसात भिन्न विषयांची अनेक व्याख्याने ऐकणाऱ्यास सायंकाळी त्यांतील थोडेच आठवते. त्यामुळे एका दृष्टिक्षेपात व्याख्यान आठवून देणाऱ्या चित्राला तेथे स्वाभाविकच वाव होता. २००६ पासून तेथील व्याख्याने महाजालावर सर्वांना खुली झाली. २००८ च्या मॉण्टरे येथील परिषदेत सिबेट व केव्हिन रिचर्ड्स यांनी ऑटोडेस्क या कंपनीच्या प्रकल्पासाठी संगणकीय पाट्यांवर शेकडो रेखाटने केली आणि पुढे ती संग्रहरूपाने उपलब्ध झाली. २००९ पासून टेडच्या अनुमतीने जगात ठिकठिकाणी स्थानिक परिषदा भरू लागल्या आणि त्यांपैकी अनेकांत मंचाच्या बाजूला चालणारे चित्रांकन नेहमीचे झाले.

याच सुमारास चित्रांकनाच्या दोन उपशाखा लोकप्रिय झाल्या. अमेरिकन अभिकल्पकार माइक रोहडी यांनी २००७ पासून व्याख्यान ऐकताना खिशातील छोट्या वहीत चित्रमय टिपणे घेण्यास प्रारंभ केला आणि २०१२ मध्ये त्यावर मार्गदर्शक पुस्तक लिहिले. ही टिपणे स्वतःसाठी घेतलेली असतात. दुसरी शाखा चलच्चित्राची. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या १७५४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या व्याख्यानांवर आधारलेली चित्रफीतमाला काढली. केन रॉबिन्सन यांच्या शिक्षणविषयक व्याख्यानावरील २०१० मधील चित्रफीत फार गाजली. पांढऱ्या फलकावर वेगाने उमटणारे हे चित्र पाहताना ते व्याख्यान चालू असतानाच काढले गेले, असा भास होतो. वस्तुतः ते नंतर ध्वनिमुद्रणावरून योजनापूर्वक काढलेले असते व त्याचे चित्रण वेग वाढवून दाखविलेले असते. या चित्रफितींमुळे चित्रांकनाची कीर्ती वाढली. त्याचबरोबर, प्रत्यक्ष सभेत काढलेले चित्रही तितकेच नेटके असावे, अशी अपेक्षा निर्माण झाली.

स्मरणावरील परिणाम : शब्द व प्रतिमा या दोन्ही रूपांत साठविलेली माहिती अधिक टिकते, हा ॲलन पेव्हिओ (१९२५–२०१६) या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाचा सिद्धांत चित्रांकनाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितला जातो. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील जॅकी अँड्रेड यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० व्यक्तींना एक कंटाळवाणा दूरध्वनी संदेश ऐकविण्यात आला. ऐकताना कागदावरील आकार रंगविणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक तपशील आठवले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगमालिकेत, ज्या शब्दांची चित्रे काढली ते शब्द नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहिल्याचे दिसले.

तथापि या निष्कर्षांचा अर्थ लावताना एक भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. अँड्रेड यांच्या प्रयोगातील आकारांचा संदेशाच्या आशयाशी काही संबंध नव्हता. तेथे हाताच्या हालचालीने अवधान टिकले, एवढेच सिद्ध होते. वॉटर्लू येथील प्रयोगांत चित्र काढणाऱ्यांचे स्मरण तयार चित्र पाहणाऱ्यांच्या स्मरणापेक्षाही सरस ठरले. म्हणजेच सर्वाधिक लाभ ज्याच्या हातात पेन असते त्याला होतो. परिषदेत शेकडो श्रोते ऐकतात व एकजणच रेखाटतो. अशा वेळी व्याख्यान सर्वांत चांगले त्या एकाच्याच लक्षात राहण्याचा संभव असतो. श्रोत्यांनी काढणाऱ्यास सूचना केल्या, दुरुस्त्या सुचविल्या किंवा स्वतः टिपणे घेतली, तरच या लाभात ते काही अंशी वाटेकरी होऊ शकतात.

मूल्यमापन : सभाचित्रांकनावरील मुख्य आक्षेप निवडीसंबंधी आहे. वक्त्याचे एखादे चटकदार वाक्य, आकडा वा रूपक सहज चित्रित होते; पण अट, अपवाद, शंका आणि नकार यांना चित्र सापडणे कठीण असते. ‘काही परिस्थितीत असे घडण्याचा संभव आहे’ या विधानाचे चित्र ‘असे घडते’ या विधानाच्या चित्रासारखेच दिसते. कल्पनेसाठी विजेचा दिवा, ध्येयासाठी डोंगराचे शिखर, प्रवासासाठी वळणाचा रस्ता अशी ठराविक चिन्हे वारंवार वापरल्याने निरनिराळ्या विषयांची चित्रे एकसारखी भासू लागतात. टिपणकार तटस्थ असावा, हा मूळ नियम असला, तरी काय मोठे काढावे व काय कोपऱ्यात लिहावे, हा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. म्हणून पूर्ण तटस्थता अशक्यच असते.

छोट्या सभेत या दोषांवर दुरुस्तीच्या हक्काचा उतारा होता. मोठ्या परिषदेत तो राहिला नाही. तेथे श्रोता चित्राकडे पाहतो, त्याचे छायाचित्र घेतो व पुढे जातो. वक्ताही बहुधा ते पूर्ण झाल्यावरच पाहतो. जी नोंद समूहाची होती ती चित्रकाराची कृती झाली आणि जे साधन विचार पुढे नेण्यासाठी होते ते झालेल्या विचाराचे स्मृतिचिन्ह बनले. या परिवर्तनाने कलादृष्ट्या चित्रांकनाचा दर्जा उंचावला, हे मान्य करावे लागेल. रेषा, अक्षर व रचना यांत आज जे नैपुण्य दिसते, ते १९७० च्या दशकातील कागदांवर अभावानेच आढळते. परंतु तेव्हाच्या ओबडधोबड कागदांवरील खाडाखोड ही सभेने स्वतःची नोंद स्वतः तपासल्याची खूण होती. काही टिपणकार या दृष्टीने व्याख्यानानंतर फलकाजवळ थांबून श्रोत्यांना चिकटचिठ्ठ्यांवर भर घालण्यास सांगतात किंवा चित्राचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवतात. सभाचित्रांकन हे सभेचे सुशोभन ठरणार की तिची स्मृती, हे रेषेच्या सौंदर्यापेक्षा त्या रेषेत बदल करण्याची मुभा सभेला किती राहते, यावर अवलंबून आहे.